न्यायमूर्ती कोण नेमतो?

(ऊर्जानगर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या या वसाहतीत उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या नेमणुकीविषयी बोलणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. येथील प्रश्न निराळे आहेत. कंत्राटी कामगाराचे वेतन, राखेने भरलेली हवा, इरईचे पाणी, कोळशाच्या खाणीसाठी गेलेली शेती, जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची रोजची भीती, हे ते प्रश्न होत. परंतु यांतील कोणत्याही प्रश्नाचा माग काढीत गेले, तर वाट शेवटी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एकाच इमारतीपाशी पोहोचते. औद्योगिक न्यायालयातील निवाडा असो, वनहक्काचा फेटाळलेला दावा असो, भूसंपादनाचा मोबदला असो किंवा सत्र न्यायालयाने दिलेली जन्मठेप असो, त्याचा खरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात लागतो. तेथून दिल्लीला जाण्याची ऐपत शंभरात एखाद्याची. भामरागडच्या माडिया शेतकऱ्याला नागपूर हेच तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्याच्या दृष्टीने नागपूरचा न्यायमूर्ती हाच व्यवहारतः अखेरचा न्यायमूर्ती होय.

आमदार कसा निवडला जातो हे त्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण त्याच्या बोटाला शाई लागते. कलेक्टर परीक्षा देऊन येतो, हेही त्याने ऐकलेले असते. परंतु त्याच्या जमिनीचा आणि कधीकधी त्याच्या स्वातंत्र्याचा अखेरचा निकाल देणारा माणूस त्या आसनावर कसा बसला, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पुष्कळदा त्याच्या वकिलालाही ते नीट सांगता येत नाही. लोकशाहीत एवढी मोठी सत्ता इतक्या अंधाऱ्या वाटेने येत असेल, तर त्या वाटेची चौकशी करणे हे राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे.

ही चौकशी तत्त्वचर्चेने सुरू करण्यापेक्षा एका माणसाच्या कारकिर्दीपासून सुरू केलेली बरी. विदर्भातील माणसे सर्वोच्च न्यायालयात गेली ती काही आजकालची नव्हेत. नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयातून विव्हियन बोस आणि मोहम्मद हिदायतुल्ला गेले, आणि हिदायतुल्ला १९६८ साली सरन्यायाधीश झाले. चंद्रपुरात जन्मलेले विकास सिरपूरकर २००७ ते २०११ या काळात सर्वोच्च न्यायालयात होते. निवृत्तीनंतर त्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हैदराबादजवळील २०१९ च्या पोलीस चकमकीची सरकारी कहाणी अमान्य केली. 'चकमक' या शब्दाचा अर्थ गडचिरोलीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. नागपूरचे शरद बोबडे २०१९ साली सरन्यायाधीश झाले. परंतु विचारासाठी सर्वांत अधिक सामग्री पुरवणारी कारकीर्द आहे ती अमरावतीच्या भूषण गवई यांची.

गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० रोजी अमरावतीस झाला. बालपण फ्रेजरपुरा या गरीब वस्तीत गेले आणि प्राथमिक शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले. वडील रामकृष्ण सूर्यभान गवई, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे दादासाहेब गवई, हे विधान परिषदेचे सभापती, लोकसभेचे सदस्य आणि पुढे बिहार व केरळचे राज्यपाल झाले. मार्च १९८५ मध्ये भूषण गवई यांनी वकिलीस प्रारंभ केला. माजी महाधिवक्ते आणि माजी न्यायमूर्ती बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे त्यांनी १९८७ पर्यंत उमेदवारी केली. काही वर्षे मुंबईस स्वतंत्र वकिली केल्यावर १९९० नंतर ते मुख्यतः नागपूर खंडपीठात उभे राहू लागले. नागपूर आणि अमरावतीच्या महानगरपालिका व अमरावती विद्यापीठ ही त्यांची अशिले होती. १९९२-९३ मध्ये ते सहायक सरकारी वकील झाले आणि जानेवारी २००० मध्ये खंडपीठातील मुख्य सरकारी वकील झाले. १४ नोव्हेंबर २००३ रोजी ते उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती झाले आणि १२ नोव्हेंबर २००५ रोजी कायम झाले. साडेपंधरा वर्षे उच्च न्यायालयात काढल्यावर २४ मे २०१९ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ मे २०२५ रोजी त्यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली आणि २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे ते दुसरे दलित सरन्यायाधीश आणि पहिले बौद्ध सरन्यायाधीश.

ही यादी केवळ गौरवासाठी सांगायची नाही. तिच्यातील प्रत्येक पायरीवर एक दरवाजा आहे आणि प्रत्येक दरवाजाची किल्ली कोणाच्या तरी हातात आहे. त्या किल्ल्या मोजल्या म्हणजे नेमणुकीचे खरे स्वरूप उलगडते.

पहिली किल्ली सरकारी वकिलाच्या पदाची. ते पद राज्य सरकार देते. तेथे बसलेला वकील रोज न्यायमूर्तींच्या समोर उभा राहतो, त्याचे नाव त्यांच्या तोंडी बसते, आणि पुढे न्यायमूर्तिपदासाठी नावे शोधली जातात तेव्हा ते सहज आठवते. नागपूरची अलीकडची उदाहरणे पाहा. गवई सरकारी वकील होते. शरद बोबडे यांचे वडील राज्याचे महाधिवक्ते होते. ज्यांचा उल्लेख पुढे येणार आहे ते रोहित देव तर स्वतः महाधिवक्तेपदावरून थेट न्यायमूर्ती झाले. यात गैर काही घडले असे म्हणायचे नाही. परंतु न्यायसंस्था सरकारपासून अलिप्त आहे असे म्हणताना तिच्या अंगणात शिरण्याची एक मोठी वाट मंत्रालयाच्या विधी विभागातून जाते, याचा विसर पडू देता कामा नये.

दुसरी किल्ली उच्च न्यायालयातील तीन माणसांच्या हातात असते. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावे ठरवतात. राज्य सरकार अभिप्राय देते, केंद्र सरकार गुप्तवार्ता विभागाचा अहवाल जोडते, सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश त्यावर निर्णय करतात आणि शेवटी राष्ट्रपतींची अधिसूचना निघते. सरकार एकदा नाव परत पाठवू शकते. तेच नाव पुन्हा आले तर ते मान्य करणे बंधनकारक आहे, असे न्यायालयच सांगते. परंतु किती दिवसांत, हे पाळले जात नाही. त्यामुळे नको असलेले नाव नाकारण्याची सरकारला गरजच उरत नाही. कागद टेबलावर पडू दिला की काम भागते. देशातील उच्च न्यायालयांत ११२२ मंजूर पदे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत त्यांतील साधारण तिसरा हिस्सा रिकामा राहत आला आहे. त्या रिकाम्या खुर्च्यांचा भार कोण वाहतो? तुरुंगात अपिलाची वाट पाहणारा कैदी आणि निवृत्तीनंतरही थकबाकीसाठी झगडणारा कामगार.

तिसरी किल्ली सेवाज्येष्ठतेची, आणि गवई यांच्या बाबतीत ती निर्णायक ठरली. ८ मे २०१९ रोजी न्यायवृंदाने त्यांची शिफारस केली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयातील काही न्यायमूर्ती त्यांना ज्येष्ठ होते. न्यायवृंदाने लेखी नमूद केले, की या नेमणुकीमुळे सुमारे दशकानंतर अनुसूचित जातीचा न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात येत आहे, आणि ज्येष्ठांची योग्यता कमी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. पुढे स्वतः गवई यांनीही जाहीरपणे सांगितले, की प्रतिनिधित्वाचा विचार झाला नसता तर आपली बढती सुमारे दोन वर्षे लांबली असती आणि सरन्यायाधीशपद मिळाले नसते. या प्रांजळपणाचे मोल मोठे आहे. गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व यांचे वैर असते असे मानणाऱ्या सुशिक्षित वर्गाला हे सडेतोड उत्तर होते. दहा वर्षे त्या न्यायालयात एकही दलित नसणे ही गुणवत्तेची खूण नव्हती. ती दरवाजा बंद असल्याची खूण होती.

मात्र एक दरवाजा एकदा उघडला म्हणजे वाडा खुला झाला, असे समजण्याची चूक पुरोगामी चळवळीने अनेकदा केली आहे. केंद्रीय विधिमंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये लोकसभेत दिलेली आकडेवारी पाहा. २०१८ पासून तोवर उच्च न्यायालयांत ६०४ न्यायमूर्ती नेमले गेले. त्यांत सर्वसाधारण प्रवर्गातील ४५८, इतर मागासवर्गीय ७२, अल्पसंख्याक ३४, अनुसूचित जातींचे १८ आणि अनुसूचित जमातींचे ९ होते. उरलेल्या १३ जणांची माहिती उपलब्ध नव्हती. सहाशेचारांत नऊ आदिवासी! ज्या समाजाच्या पायाखाली कोळसा आणि लोह आहे, ज्याच्या जंगलातून वाघांचा आणि विजेच्या तारांचा मार्ग जातो, त्याच्या वाट्याला न्यायासनाची शंभरात दीड जागाही येत नाही.

यापुढे जाऊन एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. गवई दलित समाजातून आले, पण ते एका राष्ट्रीय नेत्याचे पुत्र होते. त्यांच्या परिश्रमाला त्यामुळे उणेपणा येत नाही. परंतु गडचिरोलीच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या, वडिलांचे नाव कोठेही न चालणाऱ्या गोंड तरुणीचे नाव मुंबईतील त्या तिघांपर्यंत कसे पोहोचेल? घटनेच्या २१७ व्या अनुच्छेदानुसार दहा वर्षे उच्च न्यायालयाची वकिली लागते. तिची वकिली तालुक्यात आहे. न्यायिक सेवेतून जिल्हा न्यायाधीश होऊन वर जाण्याची वाट आहे, आणि प्रघाताने सुमारे एक तृतीयांश जागा त्या वाटेने भरल्या जातात. पण त्या वाटेने येणारा माणूस बहुधा पन्नाशी उलटल्यावर पोहोचतो आणि बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. गवई यांनी स्वतः १ ऑगस्ट २०२४ च्या सात न्यायाधीशांच्या निकालात, अनुसूचित जाती-जमातींतील पुढारलेल्या थराला आरक्षणाच्या लाभातून वगळावे, असे मत नोंदवले. आंबेडकरी चळवळीतील अनेकांना ते मान्य झाले नाही, आणि त्यांच्या विरोधाची कारणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. पण त्या मतातील तर्क खुद्द न्यायसंस्थेच्या दारात नेऊन उभा केला, तर निदान एवढे तरी मान्य करावे लागेल, की पिढ्यानपिढ्यांच्या ओळखीवर चालणारी निवड वंचितांतील वंचितापर्यंत कधीच पोहोचणार नाही.

आता दुसरी बाजू. असा माणूस त्या आसनावर बसल्याने काय फरक पडला? याचे उत्तर या जिल्ह्यालाच सर्वांत चांगले देता येईल. सरन्यायाधीश झाल्यावर आठच दिवसांनी, २२ मे २०२५ रोजी, गवई यांच्या पीठाने झुडपी जंगलाचा निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा तो प्रश्न होता. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात खुरट्या झुडपांची, गुराढोरांच्या चराईची जमीन 'झुडपी जंगल' म्हणून लिहिली गेली. पुढे त्या जमिनीवर घरे झाली, शाळा झाल्या, स्मशाने झाली, सरकारी कचेऱ्या झाल्या. वन संवर्धन कायदा १९८० साली आला, १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाची व्याप्ती वाढवली, आणि हजारो कुटुंबांच्या डोक्यावर अतिक्रमणाचा शिक्का लटकू लागला.

निकालाने झुडपी जंगल हे वनच आहे असे ठरवले. तथापि १९९६ च्या त्या तारखेपूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी नियमित करण्याची वाट त्याने मोकळी केली, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची व भरपाईची अट ठेवली नाही. त्यानंतरच्या वाटपांची छाननी आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई सांगितली. व्यापारी कारणासाठी झालेली, २५ ऑक्टोबर १९८० नंतरची अतिक्रमणे दोन वर्षांत हटविण्यास सांगितले. झोपडीत राहणारा आणि जमीन बळकावणारा यांत फरक करणारा हा निकाल आहे. विदर्भाच्या मातीत वाढलेल्या माणसाला 'झुडपी' हा शब्द शब्दकोशात शोधावा लागला नाही, हे त्यातून जाणवते. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून देशव्यापी सत्याग्रह केला होता. त्याच पक्षाच्या घरात वाढलेल्या न्यायाधीशापुढे साठ वर्षांनंतर पडीक जमिनीचाच प्रश्न यावा, हा इतिहासाचा योग म्हटला पाहिजे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात त्यांच्या पीठाने, केवळ आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही, पंधरा दिवसांची नोटीस दिलीच पाहिजे आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरले जाईल, असे बजावले. झोपडपट्टीत राहणाऱ्या प्रत्येक कामगाराने हा निकाल लक्षात ठेवावा.

परंतु हिशेब पुरा मांडायचा तर दुसरा रकानाही भरला पाहिजे. नोटबंदी वैध ठरवणारा २ जानेवारी २०२३ चा बहुमताचा निकाल गवई यांच्याच लेखणीचा. आधी पर्यावरण मंजुरी न घेता उभारलेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरी देण्यास मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली होती. निवृत्तीपूर्वी पाच दिवस, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, गवई यांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. न्या. उज्जल भुयान यांनी भिन्नमत नोंदवले. राखेच्या आणि खाणींच्या या जिल्ह्यात त्या निर्णयाचा अर्थ कोणाला फोड करून सांगण्याची गरज नाही. एखादा माणूस आपल्यातला आहे म्हणून तो प्रत्येक वेळी आपल्या बाजूने निकाल देईल, अशी अपेक्षा ठेवणे न्यायाला धरून नाही आणि राजकीय शहाणपणाचेही नाही. प्रतिनिधित्वाचा हेतू अनुकूल निकाल मिळवणे हा नसतो. ज्यांचे आयुष्य त्या दालनात कधी कोणी पाहिलेच नाही, त्यांचे आयुष्य तेथे परिचित व्हावे, एवढाच तो हेतू असतो. निकालाची चिकित्सा त्यानंतरही करावीच लागते.

आणि येथेच चौथी किल्ली पुढे येते. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नेमणूक शपथविधीच्या दिवशी संपत नाही. अतिरिक्त न्यायमूर्तीला कायम करायचे की नाही, त्याची बदली कोठे करायची, त्याला वर घ्यायचे की नाही, या प्रत्येक टप्प्यावर त्याची जणू पुन्हा नेमणूक होत असते. समाजवादी कार्यकर्त्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७३ साली शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या अर्जांची दखल घेण्याचा आपला अधिकार टिकवून धरला, तेव्हा २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो हिरावून घेतला. विरोधात उभे राहिलेले हंसराज खन्ना पुढच्याच जानेवारीत डावलले गेले. त्याच काळात सोळा उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयातील अतिरिक्त न्यायमूर्ती उ. रा. लळित यांना कायम करण्यात आले नाही. त्यांचे पुत्र उदय लळित २०२२ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. पण तो काव्यात्म न्याय झाला, व्यवस्थेचा नव्हे.

या अनुभवातूनच सरकारचा हात दूर करण्याची मागणी जोर धरू लागली. १९८१ च्या निकालाने सरकारचा शब्द अखेरचा मानला. १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी तो अधिकार ज्येष्ठ न्यायाधीशांच्या वृंदाकडे नेला. त्याऐवजी आयोग नेमण्यासाठी संसदेने केलेली घटनादुरुस्ती १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द झाली. सरकारच्या मुठीतून नेमणूक सुटली हे बरेच झाले. पण ती जेथे गेली ते दालनही बंदच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये गवई अध्यक्ष असलेल्या न्यायवृंदात एका नेमणुकीवर न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी लेखी भिन्नमत दिल्याची बातमी आली. प्रसिद्ध झालेल्या निवेदनात त्या मताचा शब्दही नव्हता. निकालातील भिन्नमत जगाला वाचता येते, मग नेमणुकीतील भिन्नमत का वाचता येऊ नये? ऑक्टोबर २०२५ मध्ये तर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. अतुल श्रीधरन यांची छत्तीसगडला ठरलेली बदली अलाहाबादला करण्यात आली. सरकारने फेरविचार करण्यास सांगितल्यावरून हा बदल केला, असे न्यायवृंदाच्याच निवेदनात लिहिले होते. का सांगितले, ते लिहिलेले नव्हते. दलित सरन्यायाधीश असतानाही वृंदाचे दार तेवढेच बंद राहिले, कारण दोष व्यक्तीचा नाही, रचनेचा आहे.

या रचनेच्या छायेत गडचिरोलीच्या एका खटल्याचा प्रवास पाहावा. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना दोषी ठरवले. पाच जणांना जन्मठेप झाली. त्यांतील गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्ये, अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच, कैदेत असताना मरण पावला. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांच्या खंडपीठाने, खटल्यास आवश्यक ती मंजुरी कायदेशीर नव्हती, म्हणून सर्वांची मुक्तता केली. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयात खास सुनावणी होऊन तो निकाल स्थगित झाला. एप्रिल २०२३ मध्ये तो रद्द होऊन अपील दुसऱ्या पीठाकडे आले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी न्या. देव यांनी नागपूरच्या भर न्यायालयात राजीनामा जाहीर केला. स्वाभिमानाविरुद्ध काम करता येणार नाही, असे ते म्हणाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. बाहेर त्यांनी कारणे वैयक्तिक असल्याचे सांगितले, आणि त्यापलीकडे तर्क लढवणे कोणाला शोभणारे नाही. ५ मार्च २०२४ रोजी दुसऱ्या खंडपीठानेही सर्वांना निर्दोष ठरवले, आणि या वेळी पुराव्याच्या गुणावगुणांवरही. सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, साईबाबा यांचे निधन झाले.

निर्दोष सुटण्याची वाट पाहत एक माणूस कैदेत मेला आणि दुसरा सुटून सात महिने जगला. न्यायमूर्ती कोण असावा, तो किती निर्भय असावा आणि त्याची खुर्ची कोणाच्या मर्जीवर टिकावी, हा प्रश्न वकिलांच्या चर्चेपुरता नाही, याचा याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही.

मग मार्ग कोणता? अमेरिकेत केंद्रीय अपील न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेटची समिती त्याला जाहीरपणे प्रश्न विचारते. तेथे सर्व काही उघड्यावर होते, पण प्रत्येक नाव पक्षाच्या तराजूत तोलले जाते. ब्रिटनने २००६ पासून स्वतंत्र नेमणूक आयोग आणला. तेथे जागा जाहीर होतात आणि इच्छुक अर्ज करतात. दक्षिण आफ्रिकेत आयोगापुढील मुलाखती जनतेसमोर होतात. यांतील कोणतीही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. परंतु सरकारचा हात किंवा बंद दालन, हे दोनच पर्याय आहेत असे सांगणाऱ्यांचा दावा त्यामुळे खोटा ठरतो.

समाजवादी चळवळीने म्हणून काही साध्या मागण्या लावून धरल्या पाहिजेत. उच्च न्यायालयासाठी विचारात घेतलेल्या नावांची निवड कोणत्या निकषांवर झाली, ते प्रसिद्ध व्हावे. शिफारस झालेल्या नावावर सरकारने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा, नाही तर संमती गृहीत धरावी. बदलीचे कारण लेखी द्यावे. 'न्यायदानाच्या सुयोग्य व्यवस्थेसाठी' हे ठरीव वाक्य कारण म्हणून चालू नये. नेमणुकांतील जात, जमात, स्त्रिया आणि न्यायाधीशांचे नातलग यांची माहिती सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केली, हे पाऊल स्वागतार्ह होते. ते दरवर्षी पडले पाहिजे. जिल्हा न्यायालयांतील वकिलांची नावे मागवण्याची पद्धत बांधली पाहिजे, नाही तर चंद्रपूर-गडचिरोलीचा वकील वयोवृद्ध होईल, पण कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. निवृत्तीनंतर सरकारी पद स्वीकारणार नाही असे गवई यांनी जाहीर केले, ते स्तुत्य आहे. परंतु जी गोष्ट एका व्यक्तीच्या शीलावर सोडली जाते ती पुढच्या व्यक्तीवर बंधनकारक होत नाही. तिचा नियम झाला पाहिजे.

यातील पुष्कळसे काम दिल्लीत होईल. पण सर्व काम तेथेच होणार नाही. गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातून कायदा शिकणाऱ्या आदिवासी, दलित आणि कामगारांच्या मुलामुलींना नागपुरात राहण्याची, पुस्तकांची आणि चांगल्या वकिलाकडे उमेदवारी करण्याची सोय लावून देणे हे युनियनच्या आवाक्यातले काम आहे. एका मुलीला दहा वर्षे तग धरता आली, तर एक नाव तयार होते. उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत येतो. त्याचा अर्थ ग्रामसभेत मराठीत, गोंडीत, माडियात सांगणे हेही राजकीय काम आहे, कारण जो निकाल लोकांना कळतच नाही त्याची चिकित्सा लोक करू शकत नाहीत. खंडपीठातील जागा किती महिने रिकामी राहिली, कोणाची बदली झाली आणि कोणते कारण दिले गेले, याची नोंद तालुका शाखेच्या फळ्यावर लागावी. पगारवाढीच्या मागणीपत्रात शेवटचे कलम म्हणून का होईना, ही मागणी यावी.

न्यायमूर्तीने लोकांच्या दडपणाखाली निकाल द्यावा असे कोणी म्हणत नाही. तो कोणाच्याही दडपणाखाली नसावा, यासाठीच त्याच्या नेमणुकीची, कायम होण्याची आणि बदलीची कारणे लोकांसमोर असली पाहिजेत. जे कारण लेखी द्यावे लागते ते सहसा लाजिरवाणे नसते. फ्रेजरपुऱ्यातील एक मुलगा सरन्यायाधीश झाला, याचा आनंद विदर्भाने मनापासून साजरा केला आणि तो योग्यच होता. आता भामरागडची मुलगी नागपूरच्या न्यायासनावर बसेल तेव्हा ती कोणत्या वाटेने आली, हे प्रत्येकाला वाचता यावे, अशी व्यवस्था उभी करण्याचे काम शिल्लक आहे.